हुबेहूब दोन फळ्या

टॅमरॅक पॉइंटच्या मच्छीमार क्लबाचे वार्षिक जेवण जूनच्या पहिल्या रविवारी असते आणि त्या जेवणात दोन टेबले असतात. पाण्याकडच्या खिडकीलगत माशांचे टेबल. स्वयंपाकघराच्या दारालगत सॅलडचे टेबल. ज्या घरच्या बोटीने जेवणाआधीच्या दोन दिवसांत निदान एक वॉलाय मासा पकडून आणला असेल, ते घर खिडकीशी बसते. ज्यांनी आणला नसेल ते वाडगाभर सॅलड घेऊन येतात, दाराशी बसतात आणि जेवणानंतर सगळ्यांच्या कढया घासतात. नियम १९५७ सालचा आहे आणि तो मोडल्याची नोंद क्लबाच्या वहीत नाही.

क्लेम यारोश सव्वीस वर्षे सॅलडच्या टेबलावर बसत आला होता.

तेवढेच असते तर त्याची काही तक्रार नव्हती. अडचण अशी, की त्याची बायको लॉरेटा ही क्लब स्थापन करणाऱ्या कॅझ्मिर पिएत्राकची मुलगी. पिएत्राकांच्या मुलीला वडिलांच्या बोटीवरून खिडकीशी जागा मिळे. तो हक्क लग्नाने जावयाकडे येत नाही, हेही नियमात स्पष्ट होते. त्यामुळे वर्षातून एका संध्याकाळी क्लेम आपल्या बायकोपासून चाळीस फुटांवर जेवत असे. चाळीस फूट हा अंदाज नव्हे. त्याने मोजले होते.

मोजणे हा त्याचा व्यवसायच होता. क्लेम टाउनशिपचा बांधकाम निरीक्षक. कोणाचा ओटा किती उंच, कोणाचे कुंपण रस्त्यापासून किती दूर, जिन्याचा कठडा कितीवर हवा, हे सगळे त्याच्या हातातल्या फितीवर ठरे. सेंट हेडविग चर्चच्या नव्या पायऱ्यांचा कठडा पाऊण इंच कमी भरला म्हणून त्याने ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी त्या बंद करवल्या होत्या. फादर त्यानंतर दोन वर्षे त्याच्याशी फक्त लॅटिनमध्ये बोलत.

मार्चच्या एका संध्याकाळी त्याने जेवताना जाहीर केले, "लॉरेटा, या वर्षी मी मासा आणणार."

"आण की," लॉरेटा म्हणाली. "गॅरेजमधला फ्रीझर मात्र हलवू नकोस."

बोट होती. सोळा फुटी, ॲल्युमिनियमची, घराबरोबर मिळालेली. आधीच्या मालकाने तिच्यात टोमॅटो लावले होते. इंजिन होते. नव्हत्या त्या फळ्या.

सॅगिनॉच्या उपसागरात मे-जूनमध्ये वॉलाय मासा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि डोक्यावरून बोट गेली की बाजूला पळतो. म्हणून तिथले लोक गळ बोटीच्या मागे ओढत नाहीत, बाजूला ओढतात. त्यासाठी बोटीच्या पुढच्या टोकाला एक डोलकाठी उभी करतात आणि तिच्यावरून दोन बाजूंना दोन दोऱ्या सोडतात. प्रत्येक दोरीच्या टोकाला एक फळी. फळीचे तोंड तिरपे कापलेले असते, त्यामुळे बोट पुढे निघाली की पाणी तिला बाहेर ढकलते आणि ती पतंगासारखी दोरी ताणून शंभर फूट दूर जाऊन चालू लागते. त्या दोरीवर चिमट्यांनी गळ अडकवायचे. मासा लागला की चिमटा सुटतो. युक्ती साधी आहे. लोकांचे संसार त्यावर मोडले आहेत, पण युक्ती साधी आहे.

लॉरेटाचा भाऊ नॉर्ब याच्याकडे सव्वीस फुटी बोट होती आणि तिच्यावर कारखान्यात बनलेल्या पिवळ्याधमक फळ्या. क्लेमचा बेत कळल्यावर तो दुसऱ्याच दिवशी आला.

"माझ्या जुन्या घेऊन जा ना. थोड्या कुजल्यात, पण तुला चालतील."

"मी करतोय घरी," क्लेम म्हणाला.

"तू?"

"हो, मीच. लाकूड आहे, फीत आहे, करवत आहे."

"बरं बरं." नॉर्बने गॅरेजभर नजर फिरवली. "बटाट्याचं सॅलड तेवढं भिजत घालून ठेव म्हणजे झालं."

बटाट्याचे सॅलड भिजत घालत नाहीत हे क्लेमला नॉर्ब गेल्यानंतर सुचले, आणि ते त्याला पुढचे तीन दिवस सलत राहिले.

वाचनालयातल्या एका मासिकातून त्याने फळीचा आराखडा उतरवून आणला. एका फळीचे चित्र, सगळी मापे आणि खाली एक ओळ: असे दोन नग करावेत. क्लेमला ती भाषा पसंत पडली. त्याने पुठ्ठ्याचा नमुना कापला, देवदाराच्या फळीवर ठेवला, पेन्सिल फिरवली. मग तोच नमुना दुसऱ्या फळीवर ठेवला आणि पुन्हा पेन्सिल फिरवली. कापून, घासून झाल्यावर त्याने दोन्ही फळ्या एकमेकींवर ठेवल्या. कुठेही नख शिरेना. तोंडाचा तिरपा काप, खालच्या कडेला ठोकलेली शिशाची पट्टी, वरच्या कडेचे छोटे निशाण, दोरीचे कडे, सारे एका इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत जुळत होते. निरीक्षक म्हणून चोवीस वर्षांच्या नोकरीत त्याने इतक्या सारख्या दोन वस्तू पाहिल्या नव्हत्या.

त्या बघायला सारी गल्ली येऊन गेली. समोरच्या मिसेस ह्यूबनर नारिंगी रंग पाहून म्हणाल्या, "प्रेतवाहिकेला असला रंग दिला तर माणूस उठून बसेल." शेजारचा व्हर्जिल हॉटालिंग रोजच येई. व्हर्जिल रेल्वेतून निवृत्त झालेला. आयुष्यात त्याने मासा पकडला नव्हता, आणि त्यामुळे मासेमारीबद्दलची त्याची मते कशानेही बिघडलेली नव्हती.

"देवदार घेतलास ते बरं केलंस," तो म्हणे. "ओक बुडतो."

"ओक बुडत नाही, व्हर्जिल."

"आमच्या स्टेशनात बुडाला होता."

रंगावर मत पडले, निशाणावर पडले, दोरीच्या जाडीवर तर दोनदा पडले. फळ्यांच्या तोंडाचा काप मात्र कोणी पाहिला नाही. पाहिला असेल तर बोलले नाही. इतक्या सुबक कामात खोट काढायला जीभ उचलत नाही.

डोलकाठी व्हर्जिलनेच दिली. १९८३ साली त्याने बिनतारी संदेशांच्या हौसेपायी घरावर उंच एरियल उभारले होते आणि क्लेमने ते नियमांवर बोट ठेवून उतरवायला लावले होते. त्या एरियलचा खांब अकरा वर्षे तळघरात पडून होता.

"घे. उपयोगी पडला म्हणजे झालं," व्हर्जिल म्हणाला. त्याच्या आवाजात कसलाही राग नव्हता, आणि म्हणूनच क्लेमला तो खांब घराकडे नेताना जरा जड वाटला.

डोलकाठी बसली. ट्रेलरवरची बोट अंगणात उभी राहिली. सोमवारी सकाळी मिसेस ह्यूबनर टाउनशिपच्या कचेरीत खिडकीशी आल्या. खिडकीमागे क्लेम होता.

"मला तक्रार नाही करायची," त्या म्हणाल्या. "मला फक्त विचारायचंय. अंगणात बारा फुटांपेक्षा उंच खांब उभा केला तर परवानगी लागते ना?"

"लागते. नमुना चाळीस."

"मग तुम्ही काढलीय का?"

नमुना चाळीस क्लेमनेच तयार केला होता, व्हर्जिलच्या एरियलसाठी. बोटीवरचा खांब वगळावा असे त्या वेळी त्याला सुचले नव्हते, आणि नसलेले कलम असल्यासारखे वाचणे त्याच्या स्वभावात नव्हते. मिसेस ह्यूबनर गेल्यावर त्याने स्वतःच्या नावाने नोटीस लिहिली, सही केली, टपालात टाकली. गुरुवारी ती त्याला घरी मिळाली. लॉरेटाने पाकीट फोडले.

"क्लेम, तू स्वतःला 'महाशय' म्हटलंयस."

"ती पद्धत आहे."

"आणि खाली दंडाची धमकी दिलीयस."

"तीही पद्धत आहे."

अर्ज करावा तर पाहणी निरीक्षकाने करायची, आणि निरीक्षक स्वतःच्या अंगणाची पाहणी करू शकत नाही. म्हणून शेजारच्या टाउनशिपला पत्र गेले. तिथला निरीक्षक पाच आठवड्यांनी आला. गुबगुबीत, निवांत माणूस. एका हातात डोनट. त्याने खांब मोजला. बारा फूट दोन इंच.

"दोन इंच जास्त आहे," तो म्हणाला.

"मला माहीत आहे," क्लेम ओशाळून म्हणाला.

"मग ट्रेलरच्या टायरमधली हवा सोडा की थोडी."

क्लेमने त्याच्याकडे पाहिले. सारी नोकरी त्याने अशा सूचना करणाऱ्या लोकांविरुद्ध केली होती. मग तो गुडघ्यावर बसला आणि त्याने हवा सोडली. बारा फूट बरोबर. परवानगी मिळाली ती जेवणाआधीच्या बुधवारी. या साऱ्या काळात 'वादग्रस्त बांधकाम' हलवता येत नसल्यामुळे बोट पाण्यात उतरलीच नव्हती. फळ्यांची चाचणीही अर्थात झाली नव्हती.

शनिवारी सकाळी क्लेम आणि व्हर्जिल धक्क्यावर पोचले. लॉरेटा आली नाही. तिला मोठ्ठ्या भांड्यात बटाटे उकडायचे होते. "सहजच," ती म्हणाली. "असावेत."

कमी हवेच्या टायरांमुळे ट्रेलर उतारावर रुतला आणि मागे अकरा गाड्यांची रांग लागली. रांगेतल्या लोकांनी उतरून ढकलले. ढकलता ढकलता त्यांनी डोलकाठीचे कौतुक केले, नारिंगी रंगाबद्दल विचारले आणि क्लेमला ओळखले. त्यातल्या चौघांचे ओटे त्याने कधी ना कधी नापास केले होते. एकाने बोट पाण्यात सरकल्यावर नुसते एवढेच म्हटले, "तळाचं बूच लावलंय ना?"

लावले नव्हते. पाणी उपसण्यात अर्धा तास गेला.

मात्र उपसागरात आल्यावर सगळे सोपे वाटू लागले. वारा मंद, पाणी हिरवट, दूरवर बोटींचा तांडा उत्तरेकडे चाललेला. क्लेमने डावीकडची फळी सोडली. तिने एकदा मान हलवली, दोरी ताणली आणि निशाण मिरवत बाहेर निघाली. चाळीस फूट. साठ. नव्वद. तिथे ती पाणी कापत बोटीच्या बरोबरीने चालू लागली. पाहायला लॉरेटा नाही याचे त्याला वाईट वाटले. नॉर्ब नाही याचे जास्त.

"आता उजवी," तो म्हणाला.

उजवीकडे सोडलेल्या फळीने क्षणभर विचार केला. मग ती वळली, बोटीच्या अंगावर आली, ॲल्युमिनियमवर ठाण् करून आदळली, कडेकडेने मागे घसरली आणि इंजिनामागून डावीकडे निघाली. तिच्यामागून तिची दोरी. दोरी बोटीवरून छातीच्या उंचीने उजवीकडून डावीकडे फिरत गेली आणि जाताना तिने व्हर्जिलची टोपी, कॉफीचा थर्मास आणि त्याच्या हातातले सॉसेजचे सँडविच नेले.

"प्रवाह असेल," क्लेम म्हणाला.

व्हर्जिल तरंगत चाललेल्या टोपीकडे बघत होता. "एकाच फळीला लागतो का तो?"

फळी ओढून घेतली. पुन्हा सोडली. पुन्हा तेच, या खेपेला फक्त सँडविच नव्हते. तिसऱ्यांदा क्लेमने ती उलटी करून सोडली, तर शिशाच्या वजनाने तिने पाण्यात कोलांटी घेतली, निशाण वर केले आणि निमूटपणे डावीकडे गेली. क्लेमने दोन्ही फळ्या बोटीत घेतल्या, खिशातून फीत काढली आणि मोजायला बसला.

"तंतोतंत सारख्या आहेत," तो म्हणाला. "केसाचाही फरक नाही. मग ही डावीकडे जाते, तर तीही डावीकडेच का जाते?"

व्हर्जिलने दोन्ही फळ्यांकडे आळीपाळीने पाहिले. "सारख्या आहेत म्हणून तर नाही ना?"

क्लेमने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले, मग पायांतल्या बुटांकडे. एका फळीचे तोंड एका बाजूला कापायचे, तर दुसरीचे दुसऱ्या बाजूला. दोन नग. पुठ्ठा फक्त उलटा ठेवायचा होता.

"परत जायचं का?" व्हर्जिलने विचारले.

"नाही."

"मग?"

"दोन्ही डावीकडे सोडू. एक लांब, एक जवळ. एका बाजूला चार गळ म्हणजेही चार गळच."

हिशेब चुकीचा नव्हता. दोन फळ्या एका बाजूला ओढतात तेव्हा बोटही त्या बाजूला वळते, एवढेच त्यात धरले नव्हते. साऱ्या तांड्याच्या बोटी सरळ उत्तरेला चालल्या होत्या आणि क्लेमची बोट एक मोठे, सावकाश वर्तुळ काढू लागली. सुकाणू उजवीकडे दाबून धरावे तर इंजिन बंद पडे. पहिल्या फेरीत शेजारच्या बोटीवरच्या लोकांनी हात हलवले. दुसऱ्या फेरीत हाका मारल्या. तिसऱ्या फेरीला ते दूर सरकले. एकच बोट सरकली नाही, कारण तिच्यावरच्या नॉर्बला गंमत बघायची होती.

त्याच्या बोटीवर पुढे खुर्चीत कॅझ्मिर पिएत्राक बसला होता. वय शहाऐंशी, डोक्यावर लोकरी टोपी, हातात दुर्बीण.

"क्लेम!" म्हातारा ओरडला. बहिरी माणसे बोलतात तसा तो जगाच्या कल्याणासाठी मोठ्याने बोले. "तुझ्या दोन्ही फळ्या एकाच बाजूला का पळतायत?"

"प्रयोग आहे, पप्पा!"

"काय?"

"प्रयोग!"

दुर्बीण थोडा वेळ फळ्यांवर स्थिरावली. मग उपसागरातल्या चाळीसेक बोटींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हातारा म्हणाला, "नॉर्ब, तुझ्या मेव्हण्याने दोन डाव्या केल्यात!"

पाण्यावर हसू फार लांबवर पोचते. क्लेमने मान ताठ ठेवली आणि समोर बघत राहिला, म्हणून दोऱ्या गुंतताना त्याला दिसल्या नाहीत. त्याची लांबवरची फळी नॉर्बच्या उजव्या फळीवर चढली. दोघींनी एकमेकींना मिठी मारली. चिमटे पटापट सुटले आणि दोन घरांचे सात गळ एका गाठीत गेले.

"अरे तोड, तोड तुझी दोरी!" नॉर्ब किंचाळला.

"तू तोड! माझी नवी आहे!"

"माझी फळी कारखान्यातली आहे!"

"माझी हातची आहे!"

दोन्ही बोटी इंजिने बंद करून एकमेकींकडे ओढल्या जात असताना क्लेमची एक गळकाठी कमानीसारखी वाकली. त्याच क्षणी नॉर्बचीही एक वाकली. दोघांनी रिळे फिरवायला सुरुवात केली. गाठ जवळ आली. गाठीमागे पाण्यात सोनेरी अंग उलटले आणि पांढरा, काचेसारखा डोळा चमकला. वॉलाय. चांगला मोठा. त्याच्या जबड्यात क्लेमचे नारिंगी आमिष होते आणि शेजारीच नॉर्बचे हिरवे.

"पप्पा, जाळं!" नॉर्ब ओरडला.

"कुठलं जाळं?"

नॉर्बचे दांड्याचे जाळे घरी होते. बायकोने ते पोहण्याच्या तलावातली पाने काढायला नेले होते. या बाजूला व्हर्जिलने क्लेमचे कोरे जाळे उचलले, उलटे धरले, सुलटे केले, डोळे मिटले आणि पाण्यात खुपसले. बाहेर आले तेव्हा त्यात मासा होता. व्हर्जिलला त्याचे सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटले.

सव्वाबावीस इंच. क्लेमने तीनदा मोजला.

"तो माझा आहे," नॉर्ब म्हणाला.

"माझ्या बोटीत आहे."

"आधी माझ्या गळाला लागला."

"कशावरून?"

"माझ्या गळाला नेहमीच आधी लागतो!"

नॉर्बच्या पेटीत तेव्हा पाच वॉलाय बर्फात पडलेले होते. सहाव्याची त्याला गरज नव्हती, आणि म्हणूनच तो हट्टाला पेटला होता. गाठ सोडवण्यात दुपार गेली. दोघे मेव्हणे गुडघ्याला गुडघा लावून बसले, बोटे एकमेकांत अडकवून दोरे उकलत राहिले आणि सबंध वेळ एकमेकांशी बोलले नाहीत. दुसरा मासा कोणालाच लागला नाही.

घरी येताच क्लेमने मासा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला. लॉरेटाने हात पुसत त्याच्याकडे पाहिले.

"उद्या मी तुझ्या टेबलावर बसणार," तो म्हणाला. "सव्वीस वर्षांनी."

"नक्की?" तिने विचारले. "नॉर्बने कटकट नाही केली?"

"केली. कमिटी ठरवेल."

"क्लेम," लॉरेटा त्याचा हात धरून म्हणाली, "तू माघार घेऊ नकोस हं. अजिबात." तिच्या आवाजातली कळकळ क्लेमला जाणवली. इतकी वर्षे आपण तिला आपली एवढी उणीव भासू दिली, असे त्याला वाटले.

रविवारी संध्याकाळी क्लबाच्या सेक्रेटरी इर्मा झील्के दारातच वही उघडून बसल्या होत्या. क्लेमच्या एका हातात मासा होता आणि दुसऱ्या हाताखाली, न वापरण्यासाठी आणलेले, बटाट्याचे सॅलड.

"कुठल्या बोटीचा मासा?" इर्मांनी विचारले.

"माझ्या," क्लेम म्हणाला.

"माझ्या," मागून नॉर्ब म्हणाला.

इर्मांनी पेन खाली ठेवले. "मी एका माशापुढे दोन नावं लिहीत नसते. रकाना तेवढा रुंद नाही." त्यांनी नियमांचा पिवळा पडलेला कागद काढला. सातवा नियम टंकलेखन यंत्राने लिहिलेला होता: मासा ज्या बोटीत येईल त्या बोटीचा. नॉर्बचे म्हणणे, मासा त्याच्या बोटीत येण्याच्या वाटेवर होता. क्लेमचे म्हणणे, वाट हा शब्द नियमात नाही. आजूबाजूला गर्दी जमली. तळणीतले तेल तापून धुरावू लागले. चर्चच्या फादरनी लॅटिनमध्ये काहीतरी म्हटले, ते कोणाच्या बाजूचे हे कळले नाही.

शेवटी नियम ज्याने लिहिला त्यालाच विचारावे असे ठरले. सगळे खिडकीजवळ कॅझ्मिरपुढे जाऊन उभे राहिले. इर्मांनी वाकून त्याच्या डाव्या कानात सगळा प्रश्न ओरडून सांगितला. म्हातारा ऐकून घेत होता. क्लेमला आठवले, की गेली सव्वीस वर्षे या माणसाने आपल्याला एकदाही काही चांगले म्हटलेले नाही, आणि कालच चाळीस बोटींपुढे जे म्हटले तेही तसे नव्हते.

"नॉर्ब," म्हातारा म्हणाला, "तुझं जाळं कुठं होतं?"

"घरी."

"कशाला?"

नॉर्बने पाने, तलाव, बायको असे काहीतरी पुटपुटत सांगितले.

"जाळं घरी ठेवून मासे धरायला जातो," म्हातारा सगळ्यांना म्हणाला. "हा माझा मुलगा. आणि हा जावई दोन डाव्या फळ्या घेऊन फिरतो. बोटीत काय आलं, कोणाच्या आलं, मी बघितलंय. लिही, इर्मा. यारोश."

इर्मांनी लिहिले. पेनाचा आवाज क्लेमला स्पष्ट ऐकू आला. व्हर्जिलही त्याच बोटीवर होता, म्हणून त्यालाही खिडकीशी बसायचा हक्क मिळाला. पण तो म्हणाला, त्याला सॅलड आवडते आणि ते तिकडे आहे.

मासा तळून आला. सोनेरी, कुरकुरीत, वर लिंबाची फोड. लॉरेटा वडिलांच्या शेजारच्या खुर्चीतून उठली आणि तिने ती खुर्ची क्लेमसाठी मागे ओढली.

"इथं बस."

क्लेम बसला. एका बाजूला म्हातारा, दुसऱ्या बाजूला नॉर्ब. खिडकीबाहेर सबंध उपसागर. "आणि तुला खुर्ची कुठली?" त्याने विचारले.

"मला कशाला?" लॉरेटाने त्याच्या हाताखालचे सॅलडचे भांडे अलगद काढून घेतले. "मी तिकडे बसते."

"लॉरेटा, अगं, मी तुझ्याशेजारी बसायला म्हणून..."

"माहीत आहे रे. फार गोड आहेस." ती वाकून हळू आवाजात म्हणाली. "पण पप्पांच्या शेजारी घरातलं कोणीतरी लागतं. ते काटे काढून दिल्याशिवाय खात नाहीत, आणि नॉर्ब कशाला हात लावतोय! सव्वीस वर्षं मी गरम मासा खाल्लेला नाही, क्लेम. बोलताना डाव्या कानात बोल. आणि 'त्या वर्षीचं वादळ' सुरू झालं की मध्ये विचारू नकोस, ते पुन्हा पहिल्यापासून सांगतात."

ती गेली. पाचच मिनिटांत सॅलडच्या टेबलावर मिसेस ह्यूबनर काहीतरी म्हणाल्या आणि लॉरेटा मान मागे टाकून हसली. तिचे तसे हसू क्लेमने लग्नाच्या वर्षानंतर ऐकले नव्हते. व्हर्जिल उभा राहून जाळे कसे खुपसले ते हातांनी करून दाखवत होता. कोणीतरी टेबलावर थापा मारत होते.

क्लेमच्या समोर एक ताट सरकत आले. म्हाताऱ्याने ते दोन बोटांनी ढकलले होते.

"काटे," तो म्हणाला.

क्लेमने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. शेपटीकडून सुरुवात करून त्याने मांस उघडले, पहिला काटा काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. दुसरा त्याच्याशेजारी. तिसरा त्याच अंतरावर. दहा मिनिटांत सबंध तुकडा साफ झाला आणि कडेला काट्यांची एक सरळ, सारख्या अंतराची ओळ तयार झाली. तोवर त्याचा स्वतःचा तुकडा गार झाला होता.

म्हाताऱ्याने एक घास तोंडात घातला. जिभेने चाचपला. दुसरा घातला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने जावयाकडे नीट वळून पाहिले.

"लॉरेटाकडून एखादा तरी काटा राहतोच," तो साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल असे म्हणाला. "पुढच्या वर्षीपासून इथं तूच बस."